पेन्सिल धरायची तर आधी सुंगट सोलू दे



बंदीचे दिवस जवळ आले. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्या किनाऱ्याला. दरवर्षी या वेळेला आम्ही या पानावर इंजिन कसे सांभाळावे, जाळी कुठे ठेवावी, कागदपत्रे कधी आणून द्यावीत ते लिहितो. ते यंदाही लिहू. पण आजचा विषय वेगळा आहे. आज आपल्या घरातल्या लहान पोरांविषयी लिहायचे आहे, कारण वर्षभर पहाटे घर सोडणारा बाप या दोन महिन्यांत घरात असतो. शाळेतून परत आलेले पोर समोर असते. आणि बहुतेक घरांत दोघांच्याही हातात मोबाईल असतो.

गेल्या वर्षीची मे महिन्यातली गोष्ट. सोसायटीत बर्फाचा हिशोब चालू होता. आमचा एक सभासद आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. पोर हुशार. यूट्यूब स्वतः लावतो, जाहिरात आली की ती कुठे दाबून घालवायची तेही त्याला ठाऊक. पण बाप चिंतेत होता. शाळेतून बाईंचा निरोप आलेला: पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणून सोडून देतो, शर्टाचे बटण लावता येत नाही, बाकावर थोडा वेळसुद्धा ताठ बसत नाही, सारखा कलंडतो. "सेक्रेटरी, ट्यूशन लावू काय?" असे तो आम्हाला विचारत होता.

बाजूलाच एक म्हातारी आजी सुंगटे सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारले, "ह्याणे कधी सुंगट सोललां काय रे?"

तो म्हणाला, "ना गे आजये. त्याका असल्या कामाक कशाक लावू? तो शिकपाचो."

सगळे हसले. पण आम्हाला रात्रभर ते बोलणे टोचत राहिले. कारण त्याच्यासारखेच आम्ही सगळे बोललो आहोत. "माझ्या पोराच्या हाताला मासळीचा वास लागू नये", "त्याने जाळ्याला हात लावायचा नाही, पुस्तकाला लावायचा" हे आपल्या प्रत्येक घरातले वाक्य आहे. त्यात वाईट काही नाही. उन्हात, खाऱ्या पाण्यात ज्याने आयुष्य काढले त्याला आपल्या लेकराने सावलीत बसून कमवावे असे वाटणारच.

फक्त एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. पोराच्या हातातून आपण जाळे काढून घेतले, तेव्हा जाळ्याबरोबर हाताची ताकद, बोटांची चपळाई आणि डोळा-हाताचा मेळही काढून घेतला. तीच ताकद पेन्सिल धरायला लागते.

रापण ओढताना जोर कुठून येतो?

पोर लिहिते म्हणजे फक्त तीन बोटे हलतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. हे आपल्याला समजायला डॉक्टर नको, रापण आठवली की पुरे.

रापणीचा दोर ओढताना पहिल्यांदा पाय वाळूत रोवतो. मग कंबर घट्ट होते, मग पाठ, मग खांदे, आणि शेवटी मूठ. पाय रोवले नाहीत तर मुठीत कितीही जोर असला तरी माणूस पुढे फरफटतो. पोराचे शरीरही याच क्रमाने तयार होते. आधी मान सावरते, मग पाठ, मग कंबर. मग खांदा, कोपर, मनगट, आणि सगळ्यांत शेवटी बोटांची टोके. पाठ आणि खांदा कच्चा राहिला की पोर बाकावर कलंडते, आणि पेन्सिल पक्की धरण्यासाठी सगळी मूठ आवळते. बाईंना फक्त वाकडे अक्षर दिसते. मूळ खाली कंबरेत असते.

दुसरी गोष्ट इंद्रियांची. पाच इंद्रिये आपण शाळेत शिकलो. त्याशिवाय आणखी दोन आहेत, आणि आपण मच्छीमार ती रोज वापरतो.

एक, तोल सांभाळणारे. ते कानाच्या आत असते. होडी डोलते तेव्हा डोळे मिटलेले असले तरी कुठल्या बाजूला कलली ते आपल्याला कळते, ते त्याच्यामुळे.

दुसरे, स्नायू आणि सांध्यांतून येणारे ज्ञान. अंधाऱ्या रात्री दोराला न बघता गाठ मारतो, हातात घेताच जाळे किती जड आले ते ओळखतो, ते या ज्ञानामुळे.

ही दोन्ही जन्मतः पूर्ण तयार नसतात. चालून, चढून, पडून, ढकलून, ओढून, उचलून ती पक्की होतात. अमेरिकेतल्या जीन आयर्स नावाच्या बाईंनी यावर पुष्कळ काम केले आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिले. इंद्रियांकडून आलेली माहिती मेंदू नीट जुळवू शकला नाही तर मुलाला शिकणेही जड जाते, असे त्यांचे सांगणे होते. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. म्हणजे रोजची कामे करता यावीत म्हणून कामांतूनच उपचार करणाऱ्या. आपल्याकडे ही विद्या शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात, १९५० साली. सुरू करणाऱ्या होत्या कमलाबाई निंबकर, जन्माने अमेरिकन, लग्न करून मराठी घरात आलेल्या.

मोबाईलमध्ये यातले काय असते? डोळा आणि कान. एक बोट गुळगुळीत काचेवर सरकते. वजन नाही, खरखर नाही, वास नाही, तोल नाही. पोर तासभर शांत बसते म्हणून आपल्याला बरे वाटते. पण तेवढा तास पाठ, खांदा आणि बोटे रिकामी बसलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या पोराला स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांच्या पोराला दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, आणि १ ते ४ वर्षांच्या पोराने दिवसभरात मिळून किमान ३ तास तरी हालचाल करायला हवी. तीन तास ऐकून घाबरू नका. आपल्या आंगणात मोकळे सोडले तर पोर त्याहून जास्त धावते. सोडत नाही, हाच प्रश्न आहे.

बोर्डीच्या किनाऱ्यावरचे शंख-शिंपले

कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या शाळांचे लाड, महागडी लाकडी खेळणी लागतात, आपल्याला कुठे परवडणार. त्यांच्यासाठी ही खरी गोष्ट.

इटलीतल्या मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत लहान मुलांसाठी घर उघडले. मुलांनी पाणी ओतावे, झाडावे, बटणे लावावीत, खरखरीत-गुळगुळीत ओळखावे, आणि त्यातून शिकावे ही त्यांची रीत. ती आपल्याकडे गुजरातच्या भावनगरात गिजुभाई बधेका यांनी रुजवली, आणि तिथे त्यांच्याबरोबर काम केले आपल्या ताराबाई मोडक यांनी. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला.

पण ताराबाईंना दिसले की असे शिक्षण शहरातल्या पैसेवाल्यांच्या पोरांपर्यंतच पोचते. म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्यातला समुद्रकाठचा गाव. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात. बरोबर अनुताई वाघ होत्या. तिथे महाग लाकडी साधने आणायला पैसे नव्हते. मग त्यांनी गावातलीच साधने घेतली: शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, माती. लहान-मोठे ओळखायचे तर शिंपले लावा. मोजायचे तर खडे घ्या. रंग ओळखायचे तर पाने, फुले आहेतच.

गरीब वस्तीतली पोरे बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या आंगणात नेली. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेचे मूळ तिथे आहे. पुढे १९५७ साली काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आदिवासी मुलांत वाढले. गुरे राखणारी पोरे शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. देशभर सरकारी अंगणवाड्या सुरू झाल्या त्या १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून, म्हणजे बोर्डीनंतर तीस वर्षांनी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

हे सांगायचे कारण एवढेच. ज्या शिंपल्यांवर ते शिक्षण उभे राहिले ते शिंपले आपल्या केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या वाळूत पायाखाली पडलेले आहेत. आपण त्यांच्यावरून चालत जातो आणि पोराला प्लास्टिकचे ठोकळे विकत आणतो.

घरात काय करता येईल

खाली वयाप्रमाणे लिहिले आहे. सगळे एकदम करायचे नाही. रोज एखादे, वीस मिनिटे, तेही खेळ म्हणून.

जन्मापासून एक वर्षापर्यंत: तेल लावून आंघोळ घालणे ही आपल्या आज्ज्यांची रीत चांगलीच आहे, हात हलका ठेवा म्हणजे झाले. बाळ जागे असताना दिवसातून थोडा थोडा वेळ चटईवर पालथे घाला, आणि जवळ बसून राहा. सगळे मिळून दिवसाला अर्धा तास झाला तरी पुष्कळ. पालथे पडून मान उचलणे हा बाळाचा पहिला व्यायाम. सारखे कडेवर, झोळीत किंवा वॉकरमध्ये ठेवू नका. रांगू लागले की जमिनीवर सोडा. हातात लाकडी चमचा, स्टीलची वाटी, ओला पंचा, नारळाची धुतलेली करवंटी द्या. एकाचा स्पर्श दुसऱ्यासारखा नसतो, तेच त्याचे शिकणे.

एक ते तीन वर्षे: पाणी ओतणे हा या वयातला सगळ्यांत मोठा आनंद. दोन भांडी आणि थोडे पाणी, आंगणात. सांडेल, सांडू द्या. वाळूत अनवाणी चालवा, कोरड्या वाळूत एकदा, ओल्या वाळूत एकदा. पावलांना दोन्हींचा फरक कळतो आणि घोटे पक्के होतात. रिकामी पाटी ढकलत न्यायला सांगा. मोठे बटाटे, कांदे एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकू द्या. विटेच्या तुकड्याने फरशीवर रेघोट्या मारू द्या. आंगणातली पाने गोळा करून बादलीत टाकायला सांगा.

तीन ते सहा वर्षे: हाताची खरी तयारी या वयात होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिंपले निवडणे. किनाऱ्यावरून पिशवीभर शंख-शिंपले आणा, धुवा, आंगणात ओता. तिसऱ्यांचे एका बाजूला, खुब्यांचे दुसऱ्या बाजूला, शिनाण्यांचे तिसऱ्या बाजूला. मग मोठ्यापासून लहानापर्यंत ओळ लावायची. मग डोळे मिटून हाताने ओळखायचे. यात चिमूट येते, डोळा येतो, मोजणीही येते.

गाठ मारणे. जाड दोराचा हातभर तुकडा द्या आणि साधी गाठ शिकवा. मग दोन दोर जोडायची गाठ. दोन्ही हातांनी वेगवेगळे काम एकाच वेळी करायचे, हे मेंदूला मोठे काम आहे. एक हात धरतो, दुसरा ओवतो. लिहितानाही तसेच. एक हात वही धरतो, दुसरा लिहितो. जुन्या मोठ्या डोळ्यांच्या जाळ्याचा तुकडा खिडकीला बांधून त्यात सुतळी ओवायला दिली तर पोर अर्धा तास हलत नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

सोलणे. आधी उकडलेला बटाटा, मग लसूण, मग वालाच्या शेंगा, आणि पाच वर्षे झाली की सुंगट. डोके आणि टोकदार काटा मोठ्यांनी काढून द्यायचा, पोराने फक्त साल काढायचे. ओले, निसरडे आणि नाजूक. जास्त दाबले तर चिरडते, कमी दाबले तर सुटते. किती जोर लावायचा हे बोटांनी ठरवायचे. पेन्सिलीचे टोक मोडणाऱ्या पोराला नेमके हेच येत नसते.

मळणे आणि वळणे. पिठाचा गोळा, चपातीचा वाकडातिकडा नकाशा, तांदळाच्या पिठाची बोरे. मनगट आणि तळहात दोन्ही पक्के होतात.

कपडे पिळणे, चिमटे लावणे, हिरांच्या झाडूने आंगण झाडणे. चिमटा दाबतात त्याच तीन बोटांनी पेन्सिल धरतात.

सहा वर्षांनंतर: कोरड्या आंगणात लहान पाग फेकायला शिकवा. पाग उघडायचा तर पाय, कंबर, खांदा आणि बोटे एका क्षणाला जुळावी लागतात. जाळ्याचा फाटलेला डोळा सुईने सांधायला शिकवा. पोहायला शिकवा, पण जाणत्या माणसाबरोबरच. लंगडी, लगोरी, विटी-दांडू, सागरगोटे हे खेळ तर फुकटचे आहेत. एका पायावर लंगडी घालताना तोल, सागरगोटे झेलताना डोळा आणि हात.

डिचोलीकडच्या बंधूंसाठी

आमचे डिचोलीकडचे सभासद म्हणतील, समुद्र तुमच्याकडे, आमच्याकडे नदी. पण तुमच्याकडे जे आहे ते पेडण्यातल्या पोरांना मिळत नाही. ती म्हणजे माती.

चवथीच्या आधी डिचोली, मये भागातल्या चित्रशाळांत गणपती घडत असतात. पूर्वी पोरे शाळा सुटली की तिथेच जाऊन बसायची. मूर्तिकार मातीचा गोळा द्यायचा आणि पोर उंदीर करत बसायचे. शेपूट लांब, कान मोठे, पण उंदीर स्वतःचा. आता मूर्ती आणायच्या दिवशीच आपण चित्रशाळेत जातो. दोन आठवडे आधी पोराला घेऊन जा. मूर्तिकाराला विचारून एक गोळा आणा. माती मळणे, दाबणे, लांब वळी करणे, चिमटीने कान काढणे, याहून चांगला हाताचा व्यायाम कोणी शोधलेला नाही.

चवथीची माटोळी बांधतानाही पोरांना फक्त बघायला उभे करू नका. कवंडळे, माट्टी, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, सुपारीची शिपटी, प्रत्येकाचा रंग, वास, खरखर वेगळी. पोराला हुंगायला द्या, नाव विचारा, लहान फळांना दोरी बांधायला सांगा.

काजूच्या दिवसांत बोंडूची बी पिळून वेगळी करायचे कामही चांगले. एका हातात बोंडू, दुसऱ्या हाताने पीळ. फक्त बी फोडू देऊ नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. नंतर हात साबणाने धुवायचे.

हे काम नव्हे, खेळ आहे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की सेक्रेटरीने पोरांना कामाला लावा म्हणून लिहिले.

पोराने सोललेली दहा सुंगटे घरच्या हुमणात जावीत, बाजारातल्या पाटीत नव्हे. माल वेळेवर द्यायचा म्हणून पोराला बसवायचे नाही. शाळा बुडवायची नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे घरच्या धंद्यात शाळेनंतर किंवा सुट्टीत हातभार चालतो, पण धोक्याच्या कामात नाही. कायद्याचे सोडा, जबरदस्तीने केलेल्या कामातून पोर फक्त कंटाळा शिकते.

चुकले तर ओरडू नका. "दे इकडे, तुला नाही जमत" हे वाक्य आपल्या घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येते. आम्हीही म्हणतो. पोर बटण लावत असते, आपल्याला घाई असते, आपण लावून टाकतो. सकाळी पाच मिनिटे आधी उठवा आणि बटण त्यालाच लावू द्या.

आणि मुलगा-मुलगी भेद नको. चपाती मुलालाही लाटू द्या, पाग मुलीलाही फेकू द्या. खांदा दोघांनाही असतो.

जपायचे काय

पाणी दिसले की पोर त्यात जाणार. किनारा असो, मानस असो, विहीर असो की बादली, लहान पोराला पाण्याजवळ क्षणभरही एकटे सोडायचे नाही. केरी-तेरेखोलच्या मुखाशी ओढ किती असते ते आपल्याला ठाऊक आहे. पावसात तर तिकडे फिरकायचेही नाही.

गळ, सुऱ्या, इंजिन, पेट्रोल-डिझेलचे कॅन पोराच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. बारीक नायलॉनचे जाळे बोट कापते, म्हणून पोरासाठी जाड दोर किंवा जुने सुती जाळेच द्या. तीन वर्षांखालच्या पोराला तोंडात मावेल अशी वस्तू, लहान शिंपला, बी, शिशाचा मणी, अजिबात द्यायची नाही. जाळ्याचे शिसे तर कुठल्याच पोराच्या हातात नको, ते विषारी आहे. सुंगट किंवा कुर्ली हाताळल्यावर अंगाला खाज सुटली, ओठ सुजले तर काम थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात खेळू देऊ नका, त्यातून लेप्टोचा ताप येतो.

येईल हळूहळू?

आता सगळ्यांत अवघड भाग.

आमच्या वाड्यावर एक मुलगी आहे. लहान असताना ती वाळूत पाय ठेवायची नाही. ठेवला की किंकाळी. घुमट वाजले की कान झाकून पळायची. केस विंचरताना रोज रडारड. दोन वर्षांची झाली तरी चालताना सारखी पडायची. आम्ही सगळे काय म्हणालो? "लाडावली आहे", "तिचा बापही उशिराच चालला", "येईल हळूहळू". आई सांगत होती की काहीतरी वेगळे आहे. आम्ही तिलाच गप्प केले. दोन वर्षे गेली. शेवटी अंगणवाडीच्या ताईने हट्ट धरला आणि तिला तपासायला नेले. मग थेरपी सुरू झाली. आज ती मुलगी शाळेत जाते, वाळूत खेळते. घुमटाचा आवाज अजून आवडत नाही, पण पळत नाही. ती दोन वर्षे मात्र आपण सगळ्यांनी मिळून वाया घालवली. हे आम्ही कबूल करतो.

प्रत्येक पोराची चाल वेगळी, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासकट पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला. त्यात कोणी आठ महिने उलटताच चालू लागले, तर कोणी सतरा महिने उलटल्यावर. म्हणून शेजारच्या पोराशी तुलना नको. पण काही खुणा दिसल्या तर थांबायचे नाही:

– चार महिने झाले तरी मान सावरत नाही.
– नऊ-दहा महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
– दीड वर्ष झाले तरी चालत नाही.
– वर्षाच्या आतच एकच हात वापरते, दुसरा वापरत नाही.
– चार वर्षे झाली तरी गोल काढता येत नाही, उडी मारता येत नाही.
– आवाज, स्पर्श, कपडे किंवा खाण्याचा पोत यामुळे रोजचे जगणे अडते.
– येत असलेली गोष्ट विसरते. हे दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा.

जायचे कुठे? आधी अंगणवाडीची ताई आणि आपले आरोग्य केंद्र. गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड फेकू नका, त्यात कुठल्या वयात काय यायला हवे ते चित्रांसकट छापलेले आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते, विकास मागे पडला आहे का तेही पाहतात, आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. या तपासणीच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. जी मुले वाळूला किंवा आवाजाला घाबरतात त्यांना जबरदस्तीने त्यात ढकलू नका. हळूहळू, त्यांच्या गतीने, आणि तज्ज्ञाला विचारून.

"लोक काय म्हणतील" हा प्रश्न मनात येईल. लोक म्हणजे आपणच. म्हणून या वाड्यावरच्या लोकांना सोसायटीच्या वतीने विनंती, कुठल्याही आईला पुन्हा "येईल हळूहळू" म्हणून गप्प करू नका.

यंदाची बंदी

सुरुवातीच्या त्या पोराचे काय झाले? बापाने ट्यूशन लावली नाही. गेल्या बंदीत तो जाळी सांधायला बसला की पोराला बाजूला बसवू लागला, हातात जाड दोर देऊन. पहिले आठ दिवस पोर मोबाईलसाठी रडले. मग गाठ जमली. मग रोज नवी गाठ. आजीने लसूण सोलायला दिली, नंतर सुंगटे. चवथीला त्याने मातीचा उंदीर केला, तो अजून त्यांच्या घरात आहे. अक्षर अजून वाकडेच आहे, खोटे कशाला सांगू. पण पान पुरे करतो, हात दुखतो म्हणत नाही, आणि शर्टाची बटणे स्वतः लावतो. बाप म्हणतो की फायदा त्याचा स्वतःचाही झाला, कारण इतके दिवस पोर त्याला फक्त झोपलेलेच दिसायचे.

त्या पोराने उद्या होडी चालवावी की मामलेदार व्हावे ते तो ठरवील. हात तयार असले तर दोन्ही जमेल.

यंदा बंदीच्या काळात दर रविवारी सकाळी १० ते ११ सोसायटीच्या जाळ्यांच्या शेडमध्ये पोरांसाठी जागा मोकळी ठेवत आहोत. फी काही नाही. कोणाकडे जुने सुती जाळे, जाड दोराचे तुकडे, धुतलेले शिंपले असतील तर आणून द्यावेत. गाठी शिकवायला दोन-तीन जुने जाणते सभासद हवेत, त्यांनी सोसायटीत नाव सांगावे. पोराबरोबर घरचे एक मोठे माणूस हवेच, शक्यतो बाप. आणि त्या एका तासात मोबाईल बंद, पोरांचे आणि आपलेही.

कळावे. भेटू रविवारी.